सात कसोट्यांचे माधव आपटे

नोव्हेंबर १९५१मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्धची कसोटी चालू होती. चाळिशी गाठलेल्या विजय मर्चंटांनी त्या सामन्यात १५४ धावा काढल्या. त्यांच्या कसोटी कारकिर्दीतली ती सर्वांत मोठी खेळी. पण पुढे क्षेत्ररक्षण करताना त्यांनी चेंडूवर झेप घेतली आणि खांदा असा काही दुखावला, की मर्चंट पुन्हा कसोटी खेळलेच नाहीत. त्याच मोसमात पाहुण्या इंग्रज संघाविरुद्धच्या एका सामन्यात त्यांची जागा मोकळी झाली आणि एकोणीस वर्षांच्या एका कॉलेजकुमाराला बोलावणं गेलं. माधव लक्ष्मण आपटे.

पुढच्या वर्षभरात हा मुलगा भारताकडून खेळला. त्यानंतरच्या पाच महिन्यांत त्याची कसोटी कारकीर्द संपलीसुद्धा. १३ नोव्हेंबर १९५२ ते ४ एप्रिल १९५३. सात कसोट्या, तेरा डाव, दोनदा नाबाद, ५४२ धावा, सरासरी ४९.२७. सरासरी घसरली म्हणून संघाबाहेर गेलेले फलंदाज पोत्यानं सापडतील. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर पन्नासच्या वर सरासरी ठेवून परत आलेला सलामीवीर विसाव्या वर्षी कायमचा बाहेर जातो, हे मात्र वेगळं प्रकरण आहे. नशीब, राजकारण, वशिला या नेहमीच्या शब्दांत ते उरकलं जातं. त्या काळाकडे जरा नीट पाहिलं तर आणखीही काही हाती लागतं.

आपट्यांचा जन्म ५ ऑक्टोबर १९३२चा, मुंबईचा. म्हणजे ज्या वर्षी भारत लॉर्ड्‌सवर आपली पहिली कसोटी खेळला, त्याच वर्षीचा. ते शाळेत जायला लागले तेव्हा चर्चगेटचं ब्रेबर्न स्टेडियम नवंकोरं होतं आणि मुंबईकरांना क्रिकेटचं जे वेड होतं ते कसोट्यांचं नव्हतं, पंचरंगी सामन्यांचं होतं. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि बाकीचे सगळे 'इतर'. ती स्पर्धा राष्ट्रीय विचारांच्या लोकांना खटकत होती, तरी मैदान भरत होतं. १९४३च्या डिसेंबरात ब्रेबर्नवर हिंदू आणि इतर यांची अंतिम लढत झाली. मर्चंटांनी नाबाद २५० काढल्या. त्याला उत्तर म्हणून 'इतर'कडून खेळणाऱ्या विजय हजाऱ्यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्यानं ३०९ काढल्या. त्यांचे भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला उभे होते. ३०० धावांच्या त्या भागीदारीत त्यांचा वाटा २१चा! आठवडाभर मुंबईत दुसरा विषय नसणार. आपटे तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत मर्चंटांनी त्याच मैदानावर महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ ठोकल्या.

अशा शहरात फलंदाजी शिकणाऱ्या पोराच्या डोक्यात एक गोष्ट लहानपणीच बसते : शंभर झाल्या म्हणजे संपलं नाही, पुन्हा गार्ड घ्यायचा. मुंबईच्या फलंदाजीला खडूस म्हणतात ते यामुळेच. शाळकरी मुलांसाठी हॅरिस आणि गाइल्स शील्ड, कॉलेजच्या पोरांसाठी विद्यापीठाचे सामने, नोकरदारांसाठी टाइम्स शील्ड आणि पावसाळ्यात कुणीच मोकळं राहू नये म्हणून १९४८पासून डॉ. एच. डी. कांगांच्या नावानं सुरू झालेली कांगा लीग. आझाद मैदानावर एका वेळी वीस-बावीस सामने चालतात, एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला खेटून उभा असतो. त्या गर्दीतून कुणाच्या तरी नजरेत भरायचं तर वीस-तीस सुंदर धावा काढून भागत नसे. दिवसभर उभं राहावं लागे.

गंमत म्हणजे आपटे मुळात फलंदाज नव्हतेच. शाळेत ते लेगस्पिन टाकत. कॉलेजच्या दिवसांत विनू मंकडांच्या हाताखाली आल्यावर त्यांच्यातला सलामीवीर मंकडांनी हेरला. मंकड स्वतः डावखुरे फिरकी गोलंदाज आणि वेळ पडेल तिथे, अगदी पहिल्या क्रमांकावरही उतरणारे फलंदाज. फिरकी टाकणाऱ्याला टप्पा कळतो, चेंडू हातातून सुटताना काय होतं ते कळतं, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? मंकडांनी हेरलेल्या त्या गुणाचा उपयोग पुढे सॉनी रामाधीनसमोर झाला असावा, असा अंदाज करायला हरकत नाही.

१९५२-५३च्या मोसमात आपट्यांनी रणजी पदार्पणातच सौराष्ट्राविरुद्ध शतक काढलं. तेव्हा पाकिस्तानचा संघ आपल्या पहिल्यावहिल्या कसोटी मालिकेसाठी भारतात आला होता. दिल्लीत भारत जिंकला, लखनौला पाकिस्ताननं परतफेड केली. लखनौच्या पराभवानंतर संघात बदल झाले आणि मुंबईच्या तिसऱ्या कसोटीत आपट्यांना बोलावणं आलं. वय वीस वर्षं आणि महिना-सव्वा महिना. मैदान घरचंच, ब्रेबर्न.

त्या कसोटीचा नायक आपटे नव्हते. पहिल्या डावात हजारे नाबाद १४६ आणि पॉली उम्रीगर १०२ यांनी मैदान गाजवलं, मंकडांनी पाकिस्तानचे गडी रांगेनं टिपले आणि तेविसाव्याच कसोटीत हजार धावा व शंभर बळी असा जोड हिशेब पुरा केला. आपट्यांनी ३० काढल्या. दुसऱ्या डावात जिंकायला चाळीस-पंचेचाळीस धावा हव्या होत्या. मंकड आणि आपटे, म्हणजे गुरू आणि चेला, सलामीला उतरले आणि एकही गडी न गमावता काम संपवून परतले. मंकड नाबाद ३५, आपटे नाबाद १०. मद्रासच्या कसोटीत आपट्यांनी ४२ केल्या. ती कसोटी पावसात वाहून गेली. कलकत्त्याच्या पाचव्या कसोटीत ते नव्हते. भारतानं ती मालिका २-१ अशी जिंकली. भारताचा कसोटी क्रिकेटमधला तो पहिला मालिकाविजय.

मग वेस्ट इंडीज. भारताचा संघ तिथे प्रथमच चालला होता. त्या संघाची नावं आज वाचताना मराठी माणसाला थोड्या गुदगुल्या होतात : कर्णधार हजारे, शिवाय फडकर, मांजरेकर, गुप्ते, गडकरी, घोरपडे, गायकवाड, जोशी, आपटे. समोर एव्हर्टन वीक्स, फ्रँक वॉरेल, क्लाइड वॉलकॉट हे तीन 'डब्ल्यू' आणि गोलंदाजीत रामाधीन-व्हॅलेंटाइन ही जोडी. या जोडीनं तीनच वर्षांपूर्वी इंग्लंडला त्यांच्याच घरात लोळवलं होतं. रामाधीन हा भारतातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या वंशातला त्रिनिदादचा पोरगा. डोक्यावर टोपी, बाह्यांची बटणं मनगटापाशी लावलेली, आणि चेंडू आत येणार की बाहेर जाणार ते हाताकडे पाहून ओळखणं भल्याभल्यांना जमत नसे. जोडीला फ्रँक किंग हा आखूड टप्प्याचे चेंडू छातीवर चढवणारा वेगवान गोलंदाज. हेल्मेट नावाची वस्तू तेव्हा मोटारसायकलवाल्यांच्याही डोक्यावर नव्हती.

पोर्ट ऑफ स्पेनची खेळपट्टी त्या काळी गवताची नव्हे, तागाच्या मॅटिंगची होती. भारतात वाढलेल्यांना मॅटिंग म्हणजे जुनी ओळख. पहिल्या कसोटीत आपट्यांनी ६४ आणि ५२ काढल्या. उम्रीगरांनी १३० काढल्या, सुभाष गुप्त्यांनी सात बळी घेतले, वीक्सनं २०७ ठोकल्या आणि सामना अनिर्णित राहिला. बार्बाडोसच्या दुसऱ्या कसोटीत आपट्यांच्या पुन्हा ६४. पण शेवटच्या डावात २७२ धावा हव्या असताना रामाधीननं २६ धावांत पाच गडी काढले आणि भारताचा डाव १२९वर आटोपला. त्यात आपट्यांचे ९. मालिकेतला निकाली सामना एवढाच, आणि तो आपण हरलो.

तिसरी कसोटी पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनला, फेब्रुवारीच्या १९ तारखेपासून. पहिल्या डावात आपटे भोपळाही न फोडता परतले. भारत २७९. वीक्सनं १६१ काढल्या, गुप्त्यांनी पाच गडी घेऊन वेस्ट इंडीजला ३१५वर रोखलं. आघाडी ३६ धावांचीच, पण मालिकेत आधीच पिछाडी आणि मागच्याच सामन्यातली १२९ची पडझड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दुसरा डाव सुरू झाला तेव्हा भारताला हवा होता तो एक उभा राहणारा माणूस.

आपटे उभे राहिले. सलामीला गेले आणि हजाऱ्यांनी ७ बाद ३६२वर डाव घोषित केला तेव्हाही मैदानातच होते. नाबाद १६३. या आकड्याचा अर्थ असा, की त्या डावातले सातही गडी त्यांनी दुसऱ्या टोकाला उभं राहून बाद होताना पाहिले. मंकड खाली उतरले, त्यांनी ९६ काढल्या. शतकाला चार धावा कमी असताना तेही गेले. ज्यानं पोराला सलामीला उभं केलं तोच आता सहा-सात नंबरवर येऊन त्याला साथ देत होता. वेस्ट इंडीजसमोर ३२७चं आव्हान आणि तुटपुंजा वेळ उरला. स्टोलमेयरनं नाबाद १०४ काढल्या, २ बाद १९२ झाल्या आणि सामना अनिर्णित राहिला. मालिका पुन्हा हातातून निसटण्याचा धोका त्या एका खेळीनं टळला.

हजाऱ्यांनी डाव घोषित करायला उशीर केला का, यावर वाद घालता येईल. हजारे जुगार खेळणारे कर्णधार नव्हते. पण एका विशीतल्या मुलाच्या जिवावर त्यांना डाव घोषित करण्याइतकी तरी मोकळीक मिळाली होती, हेही खरं.

जॉर्जटाउनला आपट्यांनी ३० आणि ३०, जमैकाच्या शेवटच्या कसोटीत १५ आणि ३३ काढल्या. जमैकाची कसोटी पंकज रॉय यांच्या १५० आणि विजय मांजरेकरांच्या ११८ धावांनी वाचवली. मालिकेअखेर आपट्यांच्या नावावर दहा डावांत ४६० धावा होत्या, सरासरी ५१.११. भारताकडून त्यांच्यापुढे फक्त उम्रीगर, ५६० धावांचे. भारताच्या सलामीवीरानं एका मालिकेत चारशेचा टप्पा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. आणि नाबाद १६३ ही त्या मालिकेतली भारतीयाची सर्वांत मोठी खेळी. दहा डावांतला एकच भोपळा सोडला, तर फक्त एकाच डावात धावा दोन आकडी झाल्या नाहीत. बाकी सगळीकडे मुलगा टिकला. वीसच्या घरातल्या सलामीवीराकडून निवड समितीला याहून जास्त काय हवं असतं?

संघ परतला. आणि त्यानंतर माधव आपटे एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत.

इथे आधी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, जी आजच्या वाचकाला सहज सुचत नाही. ४ एप्रिल १९५३नंतर डिसेंबर १९५४पर्यंत भारत एकही अधिकृत कसोटी खेळला नाही. भारतीय क्रिकेट मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९५३-५४मध्ये परदेशी खेळाडूंचा एक संघ आला, अनधिकृत कसोट्या झाल्या, गर्दीही झाली. पण रेकॉर्डबुकात त्यांना जागा नाही. पुढची खरी कसोटी जानेवारी १९५५मध्ये, पाकिस्तानात. म्हणजे जवळजवळ एकवीस महिन्यांचं अंतर. ते ओलांडलं तरी पुढे कसोट्या किती? पाकिस्तानशी पाच, १९५५-५६मध्ये न्यूझीलंडशी पाच, १९५६च्या हिवाळ्याआधी ऑस्ट्रेलियाशी तीन, आणि मग थेट नोव्हेंबर १९५८. आपट्यांच्या वयाची वीस ते सव्वीस ही वर्षं घ्या. फलंदाजाची बहराची वर्षं. या साडेपाच वर्षांत भारत एकूण तेरा कसोट्या खेळला. आता एवढ्या कसोट्या दीड-दोन वर्षांत उरकतात.

अशा दुष्काळात 'फॉर्म' या शब्दाला काही अर्थ राहत नाही. त्रिनिदादमधली खेळी निवड समितीपर्यंत पोहोचायची ती वर्तमानपत्राच्या चार ओळींतून. टीव्ही नाही, पुन्हा पाहायची सोय नाही. दोन हिवाळे गेले की जुनी खेळी जुनी होते आणि रणजीत परवा कुणीतरी काढलेल्या शंभर धावा ताज्या असतात. प्रत्येक विभागाचा माणूस समितीत, प्रत्येकाच्या खिशात आपल्याकडच्या दोन-चार मुलांची नावं. खेळाडूलाही यातून पोट भरायचं नव्हतं. एका कसोटीचे शे-अडीचशे रुपये मिळत. आपट्यांचं घर गिरण्या-कारखान्यांच्या उद्योगातलं, त्यांना पैशाची फिकीर नव्हती. हीच गोष्ट त्यांच्या विरोधात गेली असेल का? 'शेटजींच्या पोराला क्रिकेट कशाला' असा विचार करणारे तेव्हाही असणारच. याचा कागदी पुरावा शोधून सापडणार नाही, तेव्हा तो मुद्दा इथेच सोडलेला बरा.

पण वेळापत्रकावर सगळा दोष टाकून मोकळं होता येत नाही. जानेवारी १९५५मध्ये पाकिस्तानचा दौरा निघाला तेव्हा सलामीसाठी पंकज रॉय यांच्या जोडीला पन्नमल पंजाबी यांची निवड झाली. ते पाचही कसोट्या खेळले. दहा डाव, १६४ धावा, सरासरी १६.४०. सर्वाधिक ३३. पाचही सामने अनिर्णित राहिले, इतके कंटाळवाणे की पाच कसोट्यांची मालिका संपूर्ण बरोबरीत सुटण्याची जगातली ती पहिलीच वेळ. एक सलामीवीर पाच सामने धडपडतो, आणि मागच्याच मालिकेत ४६० काढलेला दुसरा मुंबईत बसून राहतो. निवड समितीनं याचं कारण कधी सांगितलं नाही. तेव्हा तशी पद्धतच नव्हती. आपट्यांनी पुढे आत्मचरित्र लिहिलं, 'ॲज लक वुड हॅव इट', त्यात आपली बाजू मांडली. शीर्षकात मात्र दोष दिला नशिबाला. नशिबाला दोष देणं हा त्यांचा मोठेपणा. वाचकानं तेवढा मोठेपणा दाखवायचं कारण नाही.

आणि आपटे एकटे नव्हते. वेस्ट इंडीजच्या त्याच दौऱ्यावर अहमदाबादचा दीपक शोधन हा डावखुरा फलंदाज होता. कलकत्त्याला पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच कसोटी डावात त्यानं खालच्या क्रमांकावर येऊन ११० काढल्या होत्या. लाला अमरनाथांनी १९३३मध्ये बॉम्बे जिमखान्यावर पदार्पणात शतक काढलं खरं, पण ते दुसऱ्या डावात. कारकिर्दीच्या पहिल्याच डावात शतक काढणारा शोधन पहिला भारतीय. वेस्ट इंडीजमध्ये त्याला दोन कसोट्या मिळाल्या. एकूण तीन कसोट्या, १८१ धावा, सरासरी ६०.३३. जमैकानंतर त्यालाही कुणी बोलावलं नाही. एकाच दौऱ्यातून परतलेले दोन उगवते फलंदाज, एक पन्नाशीच्या सरासरीचा, दुसरा साठीच्या, आणि दोघांचाही तोच शेवटचा दौरा. हा योगायोग म्हणायला मन धजत नाही.

मुंबईत परतल्यावर आपट्यांना दुसऱ्याच गोष्टीला तोंड द्यायचं होतं, ती म्हणजे मुंबईची रांग. १९५८-५९पासून १९७२-७३पर्यंत मुंबईनं रणजी करंडक सलग पंधरा वर्षं जिंकला. या विक्रमाचं कौतुक करताना एक बाजू झाकली जाते. ज्यांना भारताकडून खेळायला मिळायला हवं होतं आणि मिळत नव्हतं, असे खेळाडू त्या संघात पोत्यानं होते. कसोटीत जागा नाही म्हणून ते रणजी तेवढ्याच त्वेषानं खेळत. मुंबईचा राखीव गडीही दुसऱ्या कुठल्या राज्याचा कर्णधार शोभला असता. अजित वाडेकर १९५८मध्ये प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आले, खोऱ्यानं धावा काढल्या, आणि पहिली कसोटी खेळायला मिळाली १९६६च्या डिसेंबरात. सुनील गावसकर देशातला सर्वोत्तम शाळकरी क्रिकेटपटू म्हणून नावाजला गेला, तरी मुंबईच्या संघाबरोबर एकही सामना न खेळता तो दोन मोसम बसून होता. मग संधी मिळाली आणि पहिल्याच सामन्यात भोपळा. मामा माधव मंत्री निवड समितीत, त्यामुळे वशिल्याची कुजबुज लगेच सुरू. पुढच्या सामन्यात त्यानं राजस्थानविरुद्ध ११४ काढल्या, तेव्हा कुजबुज थांबली. १९७१मध्ये तो वेस्ट इंडीजला गेला आणि चार कसोट्यांत ७७४ धावा काढून आला. त्यातल्या १२४ आणि २२० पोर्ट ऑफ स्पेनच्या शेवटच्या कसोटीत, त्याच क्वीन्स पार्क ओव्हलवर, जिथे अठरा वर्षांपूर्वी आपटे नाबाद राहिले होते. मॅटिंग एव्हाना गेलं होतं.

गावसकर आणि आपटे यांची तुलना करणं फुकट आहे, आणि ती करायची गरजही नाही. एवढंच, की गावसकरच्या वाट्याला लगेच इंग्लंडचा दौरा आला, मग पुढचा, मग त्यापुढचा. कसोट्यांची संख्या वाढली होती. एखाद्या मालिकेत अपयश आलं तरी सावरायला पुढची मालिका होती. आपट्यांना अपयश यायलाही वाव मिळाला नाही.

आपट्यांनी यावर रुसून बॅट माळ्यावर टाकली नाही. १९६७-६८पर्यंत ते प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले : ६७ सामने, ३३३६ धावा, सहा शतकं. त्या काळात मुंबईचं कर्णधारपदही त्यांच्याकडे आलं. धाकटा भाऊ अरविंद १९५९मध्ये इंग्लंडमध्ये एक कसोटी खेळला, त्यालाही दुसरी मिळाली नाही. माधवराव घरचा उद्योग पाहू लागले, पुढे मुंबईचे शेरीफ झाले. आणि खेळत राहिले. कांगा लीगमध्ये, जॉली क्रिकेटर्सकडून, सुमारे पन्नास वर्षं.

कांगा लीग म्हणजे काय ते ज्यानं पाहिलेलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. जुलै ते सप्टेंबर, रविवार. खेळपट्टी झाकलेली नसते. आउटफील्डमध्ये घोट्याएवढं गवत, त्यामुळे झकास ड्राइव्ह मारला तरी चेंडू वीस-पंचवीस यार्डांवर फसून बसतो. मारायचं तर हवेतून, आणि हवेतून मारलं तर कुणीतरी खाली उभा. एक चेंडू गुडघ्याखाली सरपटतो, पुढचा गळ्याशी येतो. कपड्यांवर चिखल आणि बुटांच्या स्पाइक्समध्ये मातीचे गोळे, ते बॅटच्या टोकानं उकरून काढायचे. इथल्या तीस धावा कोरड्या मैदानावरच्या शतकाच्या तोलाच्या मानतात. या मैदानांवर कसोटीवीर आणि गिरणीतला कारकून एका सामन्यात खेळत आणि कारकुनानं कसोटीवीराचा त्रिफळा उडवला की आठवडाभर लोकलच्या डब्यात तीच चर्चा असे. वयाच्या पन्नाशीत आणि साठीतही दर पावसाळ्यात सलामीला जाऊन उभं राहणं, हा नुसता छंद नव्हे.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शिवाजी पार्कवर आपट्यांविरुद्ध एक चौदा वर्षांचा मुलगा खेळला. आपटे तेव्हा पंचावन्नच्या आसपास. पुढच्या वर्षी त्या मुलाला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडून खेळवायचं ठरलं, तर वयाचा नियम आडवा आला. आपटे आणि राजसिंग डुंगरपूर यांनी नियम बाजूला ठेवून पंधरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला खेळू दिलं. आपट्यांच्या निधनानंतर सचिननंच ही आठवण जाहीरपणे सांगितली. तेंडुलकर मुंबईच्या रांगेत फार काळ थांबला नाही. सोळाव्या वर्षी तो कसोटी खेळला. पण त्याला पुढे ढकलणाऱ्या मोठ्यांमध्ये ज्याचा स्वतःचा नंबर अर्ध्यात कापला गेला होता असा एक माणूस होता. पोरगं तयार आहे असं दिसलं की त्याला वयाचं कारण सांगून थांबवायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

माधव आपटे २३ सप्टेंबर २०१९ला गेले, सत्त्याऐंशीव्या वाढदिवसाला बारा दिवस कमी असताना. वेस्ट इंडीजमधल्या त्यांच्या दहा डावांचे आकडे कुणालाही मिळतात. कांगा लीगमधल्या पन्नास पावसाळ्यांचा हिशेब मात्र क्लबांच्या स्कोअरबुकांत आणि दर सोमवारच्या वर्तमानपत्रांच्या बारीक टायपात आहे. दादर, माटुंगा, गिरगाव, पार्ल्याच्या घरांत अशी स्कोअरबुकं, कात्रणांच्या वह्या, संघांचे फोटो अजून पडून असतील. घर रंगवायला किंवा इमारत पुनर्विकासाला निघाली की ते सगळं आधी रद्दीवाल्याकडे जातं. आपल्याकडे तसं काही असेल, तर देण्याआधी एकदा चाळून पाहा आणि एखाद्या क्रिकेट क्लबाला किंवा ग्रंथालयाला विचारा.